23 मे 1856 : पारोची एकुलती नोंद

अजिंठा गावात एक थडगं आहे. त्यावरच्या इंग्रजी मजकुरात ‘पारो’ हे नाव आणि 23 मे 1856 ही मृत्यूची तारीख आहे. पारो नावाच्या स्त्रीबद्दलचा, तिच्या काळातला म्हणून दाखवला जाणारा लेखी पुरावा तो एवढाच. वडिलांचं नाव नाही, गाव नाही, जात नाही, वय नाही. ती लेणापूरची होती, तिने रॉबर्ट गिल या इंग्रज चित्रकाराला लेण्यांची वाट दाखवली, त्याला रंगांची ओळख करून दिली, आणि तिच्या जाण्याने तो खचून गेला, हे सगळं आपल्यापर्यंत आलं ते गावातल्या सांगीवांगीतून, ना. धों. महानोर यांच्या 1984 सालच्या ‘अजिंठा’ या दीर्घकवितेतून आणि त्या कवितेवर नितीन देसाईंनी 2012 साली काढलेल्या चित्रपटातून.

कवीला एवढा दगड पुरतो. महानोरांनी त्याच्याभोवती जे उभं केलं ते कवितेच्या हक्काने केलं, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण होते ती पुढे. लेण्यांकडे जाताना गाडीत कुणी ही गोष्ट सांगू लागलं की कविता आणि इतिहास एकमेकांत मिसळून जातात आणि ‘तसंच घडलं’ म्हणून पुढच्या पिढीला पोचतात. म्हणून एकदा उलट बाजूने जाऊन पाहावं. गोष्ट बाजूला ठेवायची, कागद आणि दगड समोर घ्यायचे आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा : तू नेमकं काय सांगतोस?

सुरुवात गिलपासून करावी लागते, कारण कागद त्याच्याकडे आहेत. त्याचा जन्म 26 सप्टेंबर 1804 चा, लंडनमधल्या बिशप्सगेट भागातला. बाप शेअरदलाल. खानदानी जमीनजुमला नसलेल्या अशा घरांतल्या कितीतरी मुलांनी त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा रस्ता धरला. विशीतला गिलही मद्रास फौजेत आला. कंपनीच्या फौजेत अधिकारी झालेल्या माणसाचा माग काढणं तुलनेने सोपं असतं. भरती, बढती, बदली, रजा, लग्न, मुलांचा बाप्तिस्मा, निवृत्ती, मृत्यू, सगळ्याची नोंद होत असे आणि तिची नक्कल लंडनला जात असे. ती दप्तरं आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. विलायतेतल्या कित्येक घरांनी आपले हिंदुस्थानात आलेले पूर्वज याच वह्यांमधून शोधून काढले.

या नोंदी कथेला पहिला धक्का देतात तो वयाचा. गिल अजिंठ्याच्या कामावर नेमला गेला 1844 साली, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर. तेव्हा तो कॅप्टन होता, त्याची वीसेक वर्षं नोकरी झाली होती आणि फ्रान्सेस फ्लॉवरड्यू रिकर्बी हिच्याशी त्याचं लग्नही झालेलं होतं. पडद्यावरचा जंगलात वाट चुकलेला तरुण कलावंत कागदावर सापडत नाही. सापडतो तो एक संसारी, मध्यमवयीन लष्करी अधिकारी, चित्रकलेत हात चांगला म्हणून वेगळ्या कामावर पाठवलेला.

त्याला पाठवलं कुणी? इथे एक स्कॉटिश माणूस येतो. जेम्स फर्ग्युसन हा एअर गावचा, बंगालमध्ये निळीच्या व्यापारात पैसा कमावून पुढे वास्तुकलेच्या अभ्यासाला लागलेला. डिसेंबर 1843 मध्ये त्याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे हिंदुस्थानातल्या लेण्यांवर निबंध वाचला. अजिंठ्याची चित्रं डोळ्यांदेखत नष्ट होत आहेत, हा त्यातला कळीचा मुद्दा. पावसाचं पाणी, वटवाघळं, मधमाश्या आणि साधूंच्या धुन्या हे एकीकडे होतंच. दुसरीकडे येणारे साहेब लोक आठवण म्हणून चित्रांचे तुकडे काढून नेत होते. डॉ. जेम्स बर्ड यांनी मुंबईच्या संग्रहासाठी म्हणून भिंतीवरच्या आकृती खरवडून काढल्या होत्या. सोसायटीने कंपनीच्या संचालकांकडे अर्ज केला, संचालकांनी हुकूम पाठवला आणि मद्रास सरकारने गिलचं नाव दिलं.

या एका वाक्यातच त्याचे कागद कुठे कुठे विखुरले असतील ते कळतं. हुकूम लंडनचा, नोकर मद्रासचा, लेणी निजामाच्या मुलखात आणि सगळ्यात जवळचा इंग्रजी अंमल घाटाखाली खानदेशात, म्हणजे मुंबई इलाख्याचा. मद्रास सरकारचं जुनं दप्तर आज चेन्नईला एग्मोरच्या अभिलेखागारात आहे, निजामाचं हैदराबादला तारनाक्याला, मुंबई सरकारचं मुंबईला. निजामाचा दरबारी व्यवहार तेव्हा फारसीत चाले आणि गावपातळीवरचा मोडीत. एका माणसाच्या पस्तीस वर्षांसाठी चार शहरं आणि तीन लिप्या.

अजिंठ्यात गिल बारादरीत राहिला. गाव घाटमाथ्यावर, तटबंदीचं. लेणी दूर, वाघूर नदीच्या दरीत, आणि घाटाच्या पायथ्याला फर्दापूर. त्याचं काम होतं भिंतीवरच्या चित्रांच्या मूळ आकाराच्या नकला कॅनव्हासवर तैलरंगात करणं. ऐकायला सोपं वाटतं. पण 16 किंवा 17 क्रमांकाच्या लेण्यात आजही क्षणभर उभं राहून पाहा. दारातून येणारा उजेड काही पावलांवर संपतो. विजेचे दिवे नाहीत असं समजा. भिंतीवर शतकांची काजळी आणि धूळ, कोपऱ्यात वटवाघळांची घाण. उंचावरच्या आकृतीपर्यंत पोचायला परांची बांधायची, दिवट्यांच्या हलत्या उजेडात रंग ओळखायचा, त्या उजेडात पिवळा दिसणारा रंग बाहेर उन्हात काय दिसेल याचा अंदाज बांधायचा आणि मग तो कॅनव्हासवर उतरवायचा. पावसाळ्यात ओल, उन्हाळ्यात तापलेला कातळ. अशा तऱ्हेने सुमारे तीस मोठ्या नकला त्याने तयार करून लंडनला पाठवल्या. इतकी वर्षं का लागतात, ही वरिष्ठांची तक्रार कागदोपत्री कितीही रास्त वाटली, तरी लेण्यात उभं राहिलं की तिचं उत्तर मिळतं.

नकला लंडनला पोचल्या याचा एक स्वतंत्र पुरावा छापील आहे. 1856 साली श्रीमती स्पीर यांचं प्राचीन भारतातल्या जीवनावरचं पुस्तक लंडनमध्ये निघालं. त्यात गिलच्या काही नकलांवरून जॉर्ज शार्फने केलेली लहान रेखाचित्रं आहेत. पारोच्या दगडावरचं सालही तेच. म्हणजे ज्या वर्षी अजिंठ्यात तिचा मृत्यू झाला, त्याच वर्षी त्या भिंतींवरच्या आकृती लंडनच्या वाचकांसमोर छापील पानावर आल्या होत्या.

आता दगडाकडे यावं.

तारीख 23 मे 1856. गिल तेव्हा एक्कावन्न वर्षांचा. मृत्यूचं कारण दगड सांगत नाही. गोष्ट सांगणारे कुणी पटकी म्हणतात, कुणी प्लेग. यांपैकी प्लेग बाजूला ठेवावा. आपल्याकडच्या लोकांच्या बोलण्यात तो पक्का बसला 1896 च्या मुंबईतल्या साथीनंतर. त्याआधीच्या मरणालाही मग मागाहून तेच नाव चिकटतं. पटकी मात्र त्या शतकात सगळीकडे होती आणि मे महिना विहिरी तळाला जाण्याचा. ही शक्यता झाली, पुरावा नव्हे. साधार लिहिणाऱ्याने इथे ‘पटकीने असावी’ एवढंच म्हणावं आणि ‘असावी’ हा शब्द गाळू नये.

दुसरा प्रश्न, हे थडगं म्हणजे दफन की नुसतं स्मारक? दगड उभारला म्हणून ती ख्रिस्ती झाली असं म्हणता येत नाही, आणि मुसलमान होती असंही नाही. आपल्या भागात पुरण्याची चाल असलेल्या जाती-जमाती पुष्कळ आहेत. उलट, दहन करून आठवणीचा दगड उभारणंही अशक्य नव्हतं. तिला कुणी भिल्ल म्हणतं, कुणी आणखी काही. दगड यांतल्या कशालाच होकार देत नाही.

मग तो सांगतो तरी काय? भाषा पाहा. 1856 च्या अजिंठ्यात इंग्रजी वाचू शकणारी माणसं किती असतील? स्वतः गिल आणि लेणी पाहायला येणारे साहेब, बस्स. तिच्या आईबापांसाठी, शेजारपाजाऱ्यांसाठी हा मजकूर लिहिलेलाच नाही. तो ज्यांना वाचता येणार होता त्यांच्यासाठी आहे, आणि इथे काळ लक्षात घ्यावा लागतो. अठराव्या शतकात कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या घरी हिंदुस्थानी स्त्रिया असत आणि मृत्युपत्रांत त्यांची नावं उघड येत. 1850 पर्यंत वारं पूर्ण फिरलं होतं. असले संबंध झाकायचे, नाव काढायचं नाही, अशी साहेबी समाजाची रीत झाली होती. अशा काळात एक विवाहित अधिकारी आपल्या सहकाऱ्यांना वाचता येईल अशा भाषेत एका गावच्या बाईचं नाव दगडावर कोरून ठेवतो. प्रेम हा शब्द दप्तरात मोजता येत नाही, पण हे कृत्य मोजता येतं. दगड खरोखर त्या वेळचा आणि गिलनेच उभारलेला असेल, तर लोकलाज बाजूला ठेवण्याइतकी ती त्याला महत्त्वाची होती, इतकं त्यावरून म्हणता येतं. कथेचा गाभा कागदावर टिकतो तो एवढाच, आणि तो मोठा आहे.

याच अजिंठ्यात अशी आणखी एक कोरीव नोंद आहे. 10 क्रमांकाच्या लेण्यातल्या खांबावर रंगवलेल्या आकृतीवर जॉन स्मिथ या मद्रास फौजेतल्या घोडदळाच्या अधिकाऱ्याने आपलं नाव, पलटण आणि 28 एप्रिल 1819 ही तारीख ओरखडून ठेवली. वाघाची शिकार, डोंगरावरून दिसलेली कमान, वाट दाखवणारा गुराखी पोरगा, हे सगळं त्या ओरखड्याभोवती नंतर जमलं. दोन्ही नोंदी नाव आणि तारखेपलीकडे फारसं काही सांगत नाहीत. एक नोंद स्वतःसाठी, चित्र बिघडवून केलेली. दुसरी दुसऱ्या कुणाच्या आठवणीसाठी केलेली. दोन्हींतून गोष्टी मात्र सारख्याच जोमाने फोफावल्या.

चित्रपट पारोच्या मृत्यूपाशी जवळजवळ संपतो. कागद पुढे चालू राहतात. पारो गेल्यावर गिल तेवीस वर्षं जगला.

त्या सुमारास त्याने कॅमेरा हाती घेतला. त्या काळच्या छायाचित्रणात काचेवर रसायन लावून, ते ओलं आहे तोवर चित्र घेऊन लगेच अंधारात धुवावं लागे. अजिंठ्याच्या उन्हात हे कसं जमवलं असेल ते ज्याचं त्याने कल्पावं. फळ 1864 साली दिसलं. त्या एका वर्षात लंडनमध्ये त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तकं निघाली, दोन्हींना मजकूर फर्ग्युसनचा. एकात लेण्यांची 74 छायाचित्रं, दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातल्या वास्तूंची आणि वन्यप्राण्यांची 100 दुहेरी चित्रं, खास भिंगातून पाहिली की उठाव दिसणारी. वेरूळ आणि लोणारच्या मंदिरांचेही त्याचे फोटो ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुस्तकांच्या मुखपृष्ठावर तो ‘मेजर गिल’ झालेला आहे. तो मोठा शिकारी होता ही दंतकथाही इथे कागदाला येऊन मिळते. मारलेल्या वाघांचा आकडा सांगणाऱ्यांवर सोडून देऊ. वन्यप्राण्यांचं वेड मात्र पुस्तकाच्या नावातच छापलेलं आहे.

मग आली आग. गिलच्या बहुतेक नकला लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना पाहण्यासाठी मांडल्या होत्या. 30 डिसेंबर 1866 रोजी त्या इमारतीच्या उत्तर भागाला आग लागली आणि वीस वर्षांचं काम जळून गेलं. त्या दालनात नसलेल्या मोजक्या नकला तेवढ्या वाचल्या. त्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. स्पीरबाईंच्या पुस्तकातल्या लहान रेखाचित्रांना या आगीनंतर वेगळीच किंमत आली. मूळ नकला गेल्या, नकलांच्या नकला राहिल्या.

बातमी आली तेव्हा गिल बासष्ट वर्षांचा होता. गोष्ट म्हणते, तो पारोच्या मरणाने कोसळला. कागद म्हणतात, दहा वर्षांनी बहुतेक काम जळाल्यावरही त्याने अजिंठ्यातच मुक्काम ठेवला आणि पुन्हा नकला करायला घेतल्या. दरम्यान त्याचं खासगी आयुष्यही पुढे गेलं होतं. दुसऱ्या एका हिंदुस्थानी स्त्रीपासून त्याला अ‍ॅनी आणि मिल्ड्रेड अशा दोन मुली झाल्या. प्रेमकथेला ही माहिती सोयीची नाही, म्हणून ती सहसा सांगितली जात नाही. पण ती गाळली की गिल देखणा आणि खोटा होतो.

कामाच्या बाबतीतही काळ त्याच्या पुढे निघून गेला. 1872 मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला येऊ लागले आणि 1885 पर्यंत हंगामामागून हंगाम नकला करत राहिले. म्हणजे गिल हयात असतानाच तेच काम सरकारने मोठ्या पथकाकडे सोपवलं होतं. त्या नकलांचंही नशीब तसंच निघालं. 1885 च्या जूनमध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत त्यांतल्याही पुष्कळ जळाल्या. ग्रिफिथ्सना मात्र उरलेल्या सामग्रीवरून 1896–97 साली दोन खंडांचा ग्रंथ काढता आला. गिलच्या वाट्याला तो योग आला नाही.

10 एप्रिल 1879 रोजी भुसावळ परिसरात गिलचा मृत्यू झाला आणि भुसावळच्या युरोपियन दफनभूमीत त्याला पुरलं. भुसावळच का? अजिंठा घाट उतरून खानदेशात गेलं की रेल्वे, इंग्रज डॉक्टर आणि साहेबांची वस्ती मिळायची ती तिथे. आजारी माणसाला निजामाच्या मुलखातून तिकडे नेलं असणं सरळ आहे. त्याच 1879 साली दुसरे स्कॉटिश अभ्यासक जेम्स बर्जेस यांचं अजिंठ्याच्या बौद्ध लेण्यांवरचं टिपण सरकारने छापलं. गिलचं सगळं आयुष्य ज्या कामात गेलं त्याची शास्त्रशुद्ध नोंद त्याच्या मृत्यूच्याच वर्षी ग्रंथबद्ध झाली.

या सगळ्यातून एक हिशेब मांडावासा वाटतो. गिल सरकारी पगारावर होता म्हणून त्याची पस्तीस वर्षं कागदावर राहिली. पारो त्याची होती म्हणून तिची एक तारीख दगडावर राहिली. पण लेण्यात दिवट्या कुणी धरल्या? परांची कुणी बांधल्या? गुंडाळलेले कॅनव्हास घाटातून बैलगाडीने कुणी उतरवले, काचा आणि रसायनांच्या पेट्या कुणी वाहिल्या? लेणापूर, फर्दापूर, अजिंठ्याच्या त्या माणसांची नावं गोष्टीतही नाहीत आणि प्रसिद्ध कागदांतही नाहीत. आपण पारोच्या केसांतल्या फुलांवर बोलतो आणि तिच्याच गावच्या माणसांना विसरतो. माझ्या मते अजिंठ्याच्या या प्रकरणातली खरी उणीव ही आहे, आणि ती कल्पनेने भरून काढता येणार नाही.

कागदांनी मात्र ती थोडीफार भरता येईल, आणि तसं करण्याचा सराव मराठवाड्याला अलीकडेच झाला आहे. 2023 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठा कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी तहसिलींतले गठ्ठे सुटले. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, गाव नमुना 14, कोतवाल बुक, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, ही नावं घरोघरी पोचली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. पणजोबांचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गट नंबर, अशी साखळी जुळवत लोक मागे मागे गेले. विलायतेतला माणूस आपल्या खाणकामगार पणजोबाला पॅरिशच्या वहीत शोधतो, तीच ही रीत. इथे कुणबी दाखला मिळाला की शोध थांबतो, एवढाच काय तो फरक, आणि तो थांबू नये.

म्हणून सिल्लोड आणि सोयगाव तालुक्यांतल्या वाचकांना सांगणं आहे. घरात फडक्यात बांधलेले मोडी किंवा फारसी कागद असतील, पाटीलकीच्या, कुळकर्णाच्या दप्तराचे अवशेष असतील, बारादरीवरच्या साहेबाकडे कामाला होतो असं आजोबा सांगत असतील, तर आधी त्या सांगण्याची तारीख, सांगणाऱ्याचं नाव आणि नातं लिहून ठेवा. कागद कुणाला देऊन टाकू नका; त्याची स्वच्छ प्रत काढा आणि छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयात किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागात जाणकाराला दाखवा. आणि अजिंठ्याच्या वाटेवर पुढल्या वेळी पारोची गोष्ट सांगाल तेव्हा जरूर सांगा, रंगवूनही सांगा. फक्त दगडावर काय आहे आणि कवितेत काय आहे, हे पोरांना वेगवेगळं करून सांगा.